बाटलीतली कनकव्वा

वीरेशमने चष्मा कपाळावर सरकवला, मायक्रोस्कोपला डोळे लावले आणि बायकोला बातमी दिली, "कनकव्वा, नातीचं जमलं बरं का. पोरगा करीमनगरचा. सोन्यावरून अडून बसलेत लेकाचे, पण बघतो मी."

शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टर हैमवतींना धरणीने पोटात घ्यावं असं झालं. म्हातारा खोलीत शिरताच सांगून टाकायचं, असं त्यांनी घोकून ठेवलं होतं. पण तो सिरिसिल्लाहून पहाटेच्या बसने आलेला. आल्या आल्या त्याने सुनेने तळलेल्या सकिनालूंचा, म्हणजे तांदळाच्या चकल्यांचा, डबा हातात ठेवला, आणि बाईंचं सांगायचं राहून गेलं.

कनकव्वा कॅन्सरने गेली, तेव्हा तिच्या गाठीतल्या पेशी हैदराबादच्या या प्रयोगशाळेत बाटलीत वाढवल्या होत्या. एकीच्या दोन, दोनांच्या चार, अजून वाढतच होत्या. रडणाऱ्या वीरेशमला हैमवतींनीच तेव्हा समजावलं होतं, की प्रत्येक पेशीच्या पोटात डीएनएचा धागा असतो आणि त्यात अख्खं माणूस लिहिलेलं असतं, नाकडोळ्यांसकट. धागा म्हटल्यावर विणकराला पटलंच. तेव्हापासून दर संक्रांतीला तो बायकोला भेटायला यायचा.

आणि परवा डीएनए तपासला, तर पेशी कनकव्वाच्या नव्हेतच. कधी तरी कुणाच्या तरी हातून दुसऱ्या बाटलीतला थेंब हिच्यात पडला असणार. त्या पेशी दांडग्या. बघता बघता त्यांनी कनकव्वाला जागाच ठेवली नाही. म्हाताऱ्याला कशाला सांगता, त्याला काय कळणार, असं सगळे म्हणाले. त्यात आपली चूकही झाकली जातेय हे बाईंना कळत होतं, आणि त्याचीच लाज जास्त होती.

वीरेशमने आवाज उतरवला आणि तो नवराबायकोतलं काही बोलू लागला, तेव्हा मात्र त्यांना ऐकवेना.

"पेद्दय्या, थांबा. ही कनकव्वा नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. चूक आमची, हेही सांगितलं. म्हाताऱ्याने डोळे झटकन बाजूला घेतले आणि परक्या बाईसमोर सावरावा तसा खांद्यावरचा पंचा सावरला. मग ही कोण, असं त्याने विचारलं. दूरदेशीची कुणी तरी, केव्हाच वारलेली, एवढंच हैमवतींना सांगता आलं.

"आणि आमची? ती कधी गेली?"

"नक्की नाही सांगता येत. पहिल्याच वर्षी गेली असेल." त्यांची मान वर होईना.

तो चार शिव्या देता तर बरं झालं असतं. तो नुसता स्टुलावर बसला. पेत्रमाशाच्या, म्हणजे सर्वपित्रीच्या अवसेला गावात वारलेल्या माणसांच्या नावाने तांदूळ देतात. दरवर्षी थोरला मुलगा विचारायचा, अम्माच्या नावाने देऊ का, आणि दरवर्षी हा त्याच्या अंगावर खेकसायचा. हे तो बाईंना सांगत होता की स्वतःला, कळत नव्हतं.

"म्हणायचो, जित्या आईच्या नावाने तांदूळ देतोस, लाज नाही वाटत?"

हैमवती काही बोलायला गेल्या, पण त्याचं लक्षच नव्हतं.

"उपाशी ठेवली की हो मी तिला, डॉक्टरम्मा. इतकी वर्षं."