निरोपाचे दोन दिवस

"पत्र आल्यापासून फार भाव खायला लागलीस," असं म्हणत खातेरानं शकीबाच्या हातातली टरबुजाची फोड काढून घेतली.

शनिवारची दुपार होती. वरझोब नदीच्या काठी, पाण्यावर बांधलेल्या लाकडी तख्तावर तिघी पाय सोडून बसल्या होत्या. ताजिकिस्तानात, दुशान्ब्यात येऊन तीन वर्षं झाली, पण शहराबाहेर सहलीला म्हणून त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. टूम शकीबाची होती. सोमवारी सकाळी तिचं विमान होतं. ती कॅनडाला निघाली होती.

तिघी मूळच्या काबूलच्या. इथे एका खोलीत राहायच्या. खातेरा चाळिशीची, शिवणकाम करणारी, जिभेनं तिखट. निलाब बावीस वर्षांची, डॉक्टरकीचं शिक्षण अर्ध्यावर तुटलेली. शकीबा तिकडे पोलिसात होती. कॅनडासाठीचे अर्ज तिघींनी एकाच आठवड्यात भरले होते. तेव्हापासून एकच उत्तर येत होतं, थांबा.

निलाब थांबून थांबून खचली. हिवाळ्यात तिनं अंथरूण धरलं. आजार कसलाच नव्हता. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. "ऊठ गं," म्हटलं की म्हणायची, "उठून काय करू ते सांगा, मग उठते." खातेरा आपल्या कात्र्या उशाखाली घेऊन झोपायला लागली.

मग दोन आठवड्यांपूर्वी शकीबा बाहेरून आली आणि चपला न काढता दारातच उभी राहिली. बराच वेळ ती निलाबच्या पाठीकडे बघत होती.

"पत्र आलं," ती म्हणाली.

निलाबनं मान वळवली. "कॅनडाचं?"

"हो. मला बोलावलंय."

"मग आमचंही येईल?"

"एकाच आठवड्यातले अर्ज आहेत. न यायला काय झालं?"

त्या दिवशी निलाब उठली. केस धुतले, खातेरानं केलेल्या, बटाटा भरलेल्या तीन बोलाण्या एकटीनं संपवल्या. चार दिवसांनी इंग्रजीच्या शिकवणीला नाव घालून आली.

आता ती तख्तावर उभी राहून शेजारच्या लोकांच्या डफावर नाचत होती. दमली तशी म्हणाली, "शकीबा जान, कवायत घे ना आमची. जाण्याआधी एकदा."

शकीबानं पदर खोचल्यासारखी ओढणी कमरेला बांधली आणि असा काही आवाज लावला, की पलीकडच्या तख्तावरचे आजोबासुद्धा ताठ बसले. "डावीकडे वळ" म्हटल्यावर खातेरा उजवीकडे वळली आणि निलाबवर आदळली. दोघी चहाच्या पेल्यांसकट खाली बसल्या. निलाबला हसू आवरेना.

शकीबा पुढचा हुकूम द्यायची थांबली.

"काय गं?" खातेरानं विचारलं.

"काही नाही. हिचे दात किती महिन्यांनी दिसले."

रविवारी घरी खिमा भरून उकडायचे मंतू केले. वळता वळता खातेरानं शकीबाचं लग्नही लावून दिलं. नवरा कॅनडाचा, उंच, लाल गालांचा आणि स्वयंपाक येणारा.

"आणि बोलायचं कसं त्याच्याशी?" शकीबानं विचारलं.

"नवऱ्याशी कशाला बोलायचं? हुकूम सोडायचे."

जेवण झाल्यावर शकीबानं बॅग भरायला घेतली. भरायचं थोडंच होतं. जाड कोट तिनं निलाबच्या अंगावर टाकला.

"वेडी का तू? तिथे तर बारा महिने बर्फ."

"तिथे उतरल्याबरोबर नवा देतात म्हणे. हा तुला होईल."

मग वर्दीतला फोटो आणि पोलीस प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र तिनं खातेराच्या हातात दिलं. "हेही ठेव."

"हे ने की. तिकडे नोकरीला लागेल."

"त्यांच्याकडे सगळ्याच्या प्रती आहेत. हे तू जपून ठेव. कुणाला दाखवत बसू नकोस."

निलाब कोट घालून आरशासमोर उभी होती. तिथूनच म्हणाली, "मला ते पत्र एकदा वाचू दे ना. कसं लिहितात ते तरी कळेल."

"कचेरीत जमा करावं लागलं. तुझं येईल तेव्हा तुझंच वाच."

"येईल ना गं?"

"मी सांगते ना, येईल."

विमानतळावर दोघींनी यायचं नाही, असं तिनं आधीच ठरवून टाकलं होतं. तिथे कागद तपासतात, तुमच्या निर्वासित कार्डांची मुदत संपत आलीय, उगाच कुणाच्या नजरेला पडू नका. खातेराला ते पटलं. निलाब रुसली. संध्याकाळभर ती शकीबाच्या मांडीवर डोकं ठेवून होती, आणि शकीबा तिची वेणी घालत होती, सोडत होती, पुन्हा घालत होती.

सोमवारी सकाळी आठला टॅक्सी आली. निलाब शिकवणीची वही हातात घेऊनच खाली उतरली. खातेरानं तांब्याभर पाणी आणलं होतं. त्यांच्याकडे जाणाऱ्याच्या मागे पाणी ओततात, त्यानं सुखरूप परत यावं म्हणून. पण गाडी सुरू झाली तशी ती ते पाणी स्वतःच प्यायली.

"परत आलीस तर तंगडी मोडीन," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मग खिडकीत वाकून तिनं चालकाला बजावलं, "विमानतळावर नीट पोचव रे हिला, भाऊ."

कोपऱ्यापर्यंत निलाब हात हलवत होती. शकीबाही हलवत राहिली. मग काच वर करून ती समोर बघत बसली. चालक बोलका होता. कॅनडात थंडी किती, पगार किती, असं विचारत होता. ती हो-नाही करत होती.

"विमानतळाचं वळण आलं, ताई."

"वळू नका. सरळ चला."

त्यानं आरशात बघितलं. "सरळ कुठे? त्या तर विमानतळ म्हणाल्या."

"त्यांना तसंच वाटू दे," शकीबा म्हणाली. "मला सरहद्दीवरच्या पुलाशी सोडा. हद्दपारीचं पत्र आलंय. आज संध्याकाळच्या आत मी अफगाणिस्तानात परत गेले नाही, तर मला पकडायला इथले पोलीस त्या खोलीवर येतील."