मनगटावरची घोरपड

"आधी ऊन पाठीवर घे, मग कामाला लाग," असं रावजीची आई म्हणायची. साठ वर्षं झाली, तरी सकाळी मनगट उबदार झालं की त्याला तोच आवाज ऐकू यायचा. रानात त्याची घोरपड उन्हाला पसरली की तिच्या अंगावरच्या यंत्राशी जोडलेल्या मनगटपट्टीतून तिची ऊब त्याच्या हातावर उतरायची. रानात उरलेल्या प्रत्येक घोरपडीला गावात असा एक राखणदार होता. मात्र ज्यानं कधी शिकार केली नाही, त्यालाच पट्टी मिळे.

कालपासून रावजीची पट्टी गार होती.

वनरक्षक केतकीनं वारुळाला कुदळ टेकवली. "आजोबा, तुमची पट्टी खूण इथलीच दाखवतेय. आतच मेली असणार. खणून काढते."

"थांब गो बाय!"

"का? पट्टी घेताना तुम्हीच म्हणालात, मला घोरपड आणि सरडा यातलाही फरक कळत नाही!"

रावजीनं पट्टी सोडली, तिच्या तळहातावर ठेवली. मनगट एकदम हलकं झालं.

"जिवंत आहे ती. अंडी घालायला खोल शिरलीय. अशाच वारुळांतून मी तीन धरून मारल्यात, पोरी."