मागची खोली

टेस्टर पुन्हा मेला.

"हे काही खरं नाही!" त्याने हेडफोन काढून टेबलावर आपटला. "पलंगाखाली लपलो, मेलो. कपाटात लपलो, मेलो. मागच्या दाराने पळालो, तर तो सरळ त्या पोरीच्या खोलीत! भूतवाली, तुझं आमच्याशी काही जुनं वैर आहे का गं?"

ऑफिसभर हशा पिकला. भूतवालीही हसली, पण तोंडदेखलं. हे नाव तिला ऑफिसनेच ठेवलं होतं. गेममधलं घर, दारं, दिवे बाकीच्यांनी केले होते. त्या घरात फिरणारा माणूस मात्र तिचा होता. कोड लिहून लिहून तिने त्याला चालायला, थांबायला, ऐकायला शिकवलं होतं. त्याला चेहरा नव्हता. एक चप्पल घासत तो यायचा. दाराबाहेर थांबायचा, गेल्यासारखं करायचा आणि परत फिरायचा. मागच्या खोलीत एक लहान मुलगी झोपलेली. तो दमून झोपेपर्यंत तिच्यापाशी पोचता कामा नये, एवढाच खेळ. आणि तो आजवर एकालाही जिंकता आला नव्हता.

"लोक हरायला गेम घेत नाहीत," बॉस म्हणाला. "उद्या गेम पाठवायचाय. आज कुणी जिंकलं तर ठीक. नाहीतर तुझा माणूस काढायचा आणि रेडिमेड भूत टाकायचं. ते निदान अधूनमधून भिंतीत तरी अडकतं."

"जिंकता येतं, सर. एक वाट आहे."

"मग सांग की!"

"सांगितली तर खेळ कसला?"

खरं म्हणजे ती वाट तिला तोंडाने सांगताच येत नव्हती. कोडमध्ये कशीबशी लिहिता आली होती.

ती या धंद्यात कशी आली, हे ऑफिसात सगळ्यांना तोंडपाठ होतं, कारण ती हसायची गोष्ट होती. ती लहान असताना आईने कुठूनसा एक जुना कॉम्प्युटर पैदा केला, सोबत हेडफोन. रोज संध्याकाळी आई स्वतः तिला मागच्या खोलीत बसवायची, हेडफोन कानांवर चढवायची आणि म्हणायची, "खेळ आता. मी हाक मारेपर्यंत उठायचं नाही." त्यातले खेळ खेळून खेळून संपले, मग ती स्वतःच खेळ बनवायला लागली. चौकोनी डोक्याची माणसं, भुलभुलैये, न संपणारे जिने.

"आमच्या आया कॉम्प्युटर बंद करायला लाटणं घेऊन यायच्या," टेस्टर म्हणायचा, "आणि हिची हिला बळेबळे बसवायची! नशीब लागतं, बाबा!"

तिच्या त्या पहिल्यावहिल्या खेळांना आवाजच नसायचा, त्यावरूनही चेष्टा व्हायची. लहानपणी मुके खेळ करणारीच्या माणसाला आता पान हललं तरी ऐकू येतं म्हणे!

तेवढ्यात आई आली. ती आल्याचं कुणाला कळलंच नाही. काचेचं दार तिने मूठ धरून लावलं होतं, इतकं अलगद की कट्ट एवढाही आवाज झाला नाही.

"घराच्या दोन्ही किल्ल्या तूच घेऊन आलीस गं, मने." आई नेहमीच असं कुजबुजल्यासारखं बोलायची. बाबा जाऊन, ते घर सोडून इतकी वर्षं झाली, तरी आवाज काही वर आला नव्हता.

"काकू, आता तुम्हीच या!" टेस्टरने खुर्ची ओढली. "लेकीच्या भुताशी करा दोन हात."

"अरे, मला काय कळतंय त्यातलं?"

'नको' हा शब्द भूतवालीच्या ओठांवर आला होता. पण बॉस घड्याळाकडे बघत होता, आणि घड्याळापेक्षा जास्त तिच्याकडे. तिने हेडफोन उचलला आणि आईच्या कानांवर चढवला. बटणं दाखवली. हे चालायचं, हे वळायचं. हे उचलायचं, हे टाकायचं.

पडद्यावर घर उजळलं. हेडफोनमध्ये चप्पल घासत आली असणार, कारण आईचा अंगठा बटणावर तसाच थांबला. तिने लेकीकडे वळून पाहिलं नाही.

मग ती निघाली. पलंगाकडे गेली नाही, कपाटाकडे गेली नाही. मागच्या खोलीपाशी जाऊन तिने दार हळूच ओढून घेतलं. मग स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर एक पातेलं होतं. सगळ्यांना ते आजवर शोभेचं वाटत आलं होतं. आईने ते उचललं आणि जमिनीवर टाकलं.

"काकू, अहो, ऐकू जाईल त्याला!" टेस्टर ओरडला.

आईने झाकणही टाकलं.

तो माणूस मागच्या खोलीच्या दारापर्यंत पोचला होता. थांबला. वळला. स्वयंपाकघराकडे यायला लागला. आई पळाली नाही. दिव्याखाली, त्याला नीट दिसेल अशी उभी राहिली.

पडदा काळा झाला. बराच वेळ काळाच राहिला. कानांत काय चाललं होतं, ते एकट्या आईला ऐकू येत होतं. तिने डोळे मिटले नाहीत.

मग घरात ऊन आलं. तो खुर्चीत घोरत पडला होता. मागच्या खोलीचं दार बंदच होतं. खाली अक्षरं उमटली : जिंकलात.

ऑफिसने एकच गिल्ला केला. टेस्टर खुर्चीवर चढून नाचायला लागला. "राहिला तुझा माणूस!" बॉसने भूतवालीच्या पाठीवर थाप मारली. "काकू, तुम्हाला नोकरीच देतो!"

आईने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. सगळ्या गलक्यात तिचं बोलणं फक्त लेकीला ऐकू गेलं.

"मी आवाज पूर्ण वाढवून द्यायचे गं. रोज."

"तो हेडफोन बंद होता, आई," भूतवाली म्हणाली. "तू आणलास त्या दिवसापासून."