रोकोच्या नावानं

पेरिनाचा हिशेब सरळ होता. एकुलता एक मुलगा रोको डोळ्यांसमोर राहणार, आणि ऑस्ट्रेलियात पर्थला जाऊन बसलेल्या बहिणीची एक तरी हौस अपुरी राहणार. दुसरा लाभ तिला जरा जास्तच गोड वाटला.

बहीण याकित्सा दर नाताळला क्रोएशियातल्या या बेटावर कॉफी आणि कापड पाठवायची. त्या कापडाचे झगे घालून पेरिना चर्चमध्ये मिरवायची आणि घरी येऊन बहिणीला नावं ठेवायची.

तीस वर्षांनी, मृतात्म्यांच्या दिवशी, याकित्सा गावी आली. रोकोच्या कबरीवर शेवंती ठेवत म्हणाली, "हट्टी गं तुझा पोरगा! मला मूलबाळ नाही, ये माझ्याकडे, म्हणून दोनदा व्हिसासाठी हमीपत्र पाठवलं. तर उलट लिहितो, मावशी, तुझ्या घरात मला करमायचं नाही!"

मेणबत्ती पेटवणारा पेरिनाचा नवरा शिमे थांबला. "कसलं हमीपत्र? नव्वद साली पोरगं रोज विचारायचं, मावशीचं काही आलं का? टपाल तर तू घ्यायचीस, पेरिना."

पेरिना शेवंतीची पिवळी पानं खुडत राहिली. मग बहिणीला म्हणाली, "तुला सगळंच मिळत गेलं. म्हटलं, एवढा एक तरी माझा राहू दे."

राहिला. पुढच्याच वर्षी, एक्क्याण्णव साली, युद्ध पेटलं आणि सैन्याचं बोलावणं आलं, ते मात्र तिला लपवता आलं नाही. मत्सर केला पेरिनानं. किंमत मोजली एकोणीस वर्षांच्या रोकोनं.