खालची वाट

पाहुण्यांनी नान मोडला, पण घास कुणी तोंडात घातला नाही. कानिशायने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. चहाचे वाडगे ती एकेकापुढे सरकवत राहिली आणि बोलत राहिली. यंदा बर्फ लवकर पडला, गवत पुरायचं नाही, मेंढ्या किती ठेवाव्यात काही कळत नाही. तिचे थोरले दीर मुकाशभावजी ठेवणीतली पांढरी टोपी घालून आले होते. त्यांच्यामागून गावातली म्हातारी मंडळी आली होती. बायका तिला न विचारताच तिच्या चुलीवर आणखी पाणी चढवत होत्या. खालच्या आळीतली बुरुल दाराजवळच बसली होती, मान खाली घालून.

सहा वर्षांची सादात आजीला चिकटून बसली होती आणि एकेकाकडे टकमक बघत होती. सगळं न्याहाळायचं आणि विचारत सुटायचं, ही तिची नवी खोड. बालवाडीच्या नुरझातने लावलेली.

काही हरवलं, मोडलं, बिघडलं की रडत बसायचं नाही, आधी विचारायचं, असं नुरझात मुलांना शिकवायची. आधी काय होतं, आता काय बदललं? ठाऊक कुणाला असेल? मग सरळ त्याच्याकडे जायचं. कानिशायला हे मुळीच पसंत नव्हतं. "बालवाडी काढलीय की पोलीसचौकी?" असं तिने नुरझातला भर रस्त्यात सुनावलं होतं. थोरांना प्रश्न करणारी पोर उद्या सासरी काय उजेड पाडणार? पण मध्यंतरी गाय संध्याकाळी दूध देईनाशी झाली. कानिशायने दृष्ट लागली म्हणून गोठाभर धुरी फिरवली. सादातने शेजारच्या पोरांना विचारलं, गुराख्याला विचारलं, आणि कुंपणाच्या भोकातून येऊन गाईला लुचणारं शेजाऱ्याचं वासरू पकडून दिलं. सगळी आळी हसली. कानिशायसुद्धा हसली, पण डोक्यावरच्या रुमालाआड.

एका प्रश्नाने मात्र ती चिडायची. सादातचा बाप एर्मेक, कानिशायचा एकुलता एक मुलगा, रशियात बांधकामावर होता. सादातची आई बाळंतपणातच गेलेली. पोरीला बाप म्हणजे फोनमधला आवाज, आणि तोच तिचं सगळं काही. शेतातले बटाटे काढले तेव्हापासून तो आवाज आला नव्हता.

"फोन बिघडला असेल," आजी म्हणायची.

"मग बुरुलकाकूला विचारू या ना. तिचा मुलगा जोल्दोश तिथे बाबांबरोबरच राहतो. त्याचा फोन कुठे बिघडलाय?"

"एवढीशी जीभ, पण गप्प बसेल तर शपथ!" कानिशाय करवादायची. त्याच दिवसांत ती पाण्याला वरच्या वाटेने जाऊ लागली. वरची वाट लांबची, चढाची, म्हाताऱ्या माणसाला धाप लागावी अशी. खालची बुरुलच्या दारावरून जाते. ती निसरडी झालीय, असं ती सगळ्यांना सांगायची.

मुकाशभावजींनी घसा खाकरला. "कानिशाय, हातावरचा ससाणा उडून गेला, तर दोष हाताला द्यावा की आभाळाला?"

हे बोलणं कशाचं, ते तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. वाईट बातमी कुणी कुणाच्या तोंडावर फेकत नाही. थोरांनी कोडं घालायचं, ऐकणाऱ्याने ते आपल्या तोंडाने सोडवायचं, मगच बायकांनी गळा काढायचा. कानिशाय स्वतः अशी किती घरांत, किती आयांचे हात धरून बसली होती.

"ससाणा परत येतो," ती म्हणाली. "भूक लागली की येतो. चहा घ्या भावजी, निवतोय."

"सगळे येत नाहीत गं."

"माझा येतो."

मुकाशभावजी पांढरी दाढी कुरवाळू लागले. दाराशी बुरुलचे खांदे हलू लागले.

अशा वेळी लहान पोरांना घरात ठेवत नाहीत, म्हणून नुरझातला बोलावून आणलं होतं. ती पुढे झाली आणि तिने सादातचा हात धरला. "चल सादात, माझ्या घरी जाऊ. बोरसोक तळलेत, गरमगरम खाऊ."

सादात उठली नाही. "ताई, काय हरवलंय?"

"काही नाही गं."

"मग एवढे सगळे का आलेत? आणि ससाणा कुणाचा? आपल्याकडे ससाणा नाहीच." तिने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि नजर दारापाशी, बुरुलवर येऊन थांबली. "ताई, तुम्हीच सांगता ना, ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडे जायचं?"

नुरझातचा चेहरा उतरला. शिकवलं तिनेच होतं. आता नको कोणत्या तोंडाने म्हणायचं? तरी तिने पोरीचा हात ओढला, हळूच, पण ओढला.

सगळे कानिशायकडे बघू लागले. आता ही पोरीवर डाफरणार, मोठ्यांच्यात तोंड घालू नको म्हणणार, असंच सगळ्यांना वाटलं. तिने हातातला वाडगा खाली ठेवला.

"राहू दे, नुरझात. नेऊ नकोस तिला."

मग तिने सादातला मांडीवर ओढून घेतलं आणि तिचं तोंड दाराकडे, बुरुलकडे वळवलं.

"विचार बाळ, तूच विचार तिला. मला इतके दिवस विचारवलं नाही."