शंभर टक्के

माजी नगराध्यक्ष दौलतराव सकाळीच हात जोडत बाजारपेठेतून निघाले. स्टेशनवरचा गाडीचा थांबा रद्द झाला, म्हणून त्यांनी गाव बंदची हाक दिली होती. पूर्वी त्यांच्या नुसत्या निरोपावर तीनशे शटरं खाली यायची.

आज हात जोडायला समोर कुणी नव्हतं. त्यांची जिनिंग मिल बुडाली, तसे व्यापारी एकेक करून गाव सोडून गेले; कुलपांवर गंज चढला होता. उघडं होतं ते एकच, त्यांचं स्वतःचं कापडदुकान.

"मालक, आपलंही लावायचं?" मुनीमजींनी विचारलं.

"आधी आपलंच."

शटर खाली आलं, तोच वार्ताहराचा फोन. "साहेब, बंदला प्रतिसाद?"

दौलतरावांनी रस्ता दोन्ही टोकांपर्यंत पाहिला. "शंभर टक्के."

"आणि उद्या बाजार सुरळीत, असं छापू?"

मुनीमजी किल्ली पुढे करून उभे होते.

"उद्याचं काही छापू नका."