नराच्या पायांवरची अंडी

सात रस्त्याजवळच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या उत्कर्षा मॅडम तीन वर्षं एका समुद्री कोळ्याचं, म्हणजे समुद्रतळावरच्या लांब पायांच्या कीटकासारख्या प्राण्याचं, वर्णन लिहीत होत्या. प्रजाती नवी होती. नमुना एकच, स्पिरिटच्या बाटलीतला मेलेला नर. या प्राण्यांत अंडी नर वाहतो, पायांना चिकटवून. याच्या पायांवर अंडी नव्हती, तसं त्यांनी लिहिलंही होतं.

सोमवारी पेपर पाठवण्याआधी त्यांनी शेवटचं सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. पायांवर अकरा अंडी होती.

"हुसेनसाब, बाटली कुणी उघडली होती?"

प्रयोगशाळेतले हुसेनसाब म्हणाले, "न्हाई मॅडम. किल्ली तुमच्याकडंच हाय की."

वाद घालायचं त्राण त्यांच्यात नव्हतं. आपलीच नजर चुकली असेल म्हणत त्यांनी ‘अंडी अकरा’ लिहिलं.

मंगळवारी दुपारी अकराही अंडी फुटलेली होती. त्यांनी स्पिरिट गाळून पाहिलं. पिल्लं कुठंच नव्हती. आता पुन्हा सगळं लिहायचं. घोटभर पाणी पिऊन त्या खोडायला बसल्या.

तेवढ्यात हुसेनसाब दारात आले. "मॅडम, माठातलं पाणी आज लई खारट लागतंय. तुमी प्यालात का?"

मॅडमच्या हातात त्याच माठातला, सकाळपासूनचा चौथा ग्लास होता. खारट काहीच लागलं नव्हतं. फक्त तहान भागत नव्हती.